हर्मानची खुर्ची

पंगू परंतु बुद्धिमान अशा माणसाची गोष्ट निघाली की, आपण त्याच्या जिद्दीचे गोडवे गाऊ लागतो. अकराव्या शतकातील ख्रिस्ती साधू हर्मान याची कथाही बहुधा तशीच सांगतात. मला मात्र त्याच्या जिद्दीइतकेच त्याच्या खुर्चीचे मोल वाटते.

हर्मान १०१३ साली दक्षिण जर्मनीतील एका सरदाराच्या घरी जन्मला. बाळपणापासून हातपाय असे आखडलेले की, बसविले तेथून हलता येईना. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागे. ओठ-जीभ धड वळत नसल्याने बोलणे तुटक, ऐकणाऱ्याला कष्टानेच कळणारे. ‘आखडलेला’ हेच त्याचे उपनाव पडले, आणि इतिहासातही तेच चिकटून बसले!

अहरोनाच्या वंशातील व्यंग असलेल्या पुरुषाने वेदीपाशी जाऊन अर्पण करू नये, असा दंडक बायबलातील लेवीय ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात आहे. त्याची छाया चर्चवरही फार काळ राहिली. शारीरिक व्यंग असलेल्याला पुरोहितपदापासून दूर ठेवणारा नियम रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेत होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. मठातली रीत मात्र निराळी. आजाऱ्यांची शुश्रूषा सर्वांआधी, आणि ती प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा समजून करावी, असे संत बेनेडिक्टची नियमावली सांगते. हर्मान त्याच नियमावलीने चालणाऱ्या, कॉन्स्टन्स सरोवरातील रायखेनाऊ बेटावरच्या मठात साधू झाला.

तेथे एक सेवक त्याला वाहून नेण्याच्या खुर्चीत बसवी. तीतही तो वाकूनच बसे. पण लिहिता येई. मग त्याने काय लिहिले नाही? नक्षत्रवेधाचे ॲस्ट्रोलेब यंत्र, गणित, संगीत, आणि ख्रिस्तजन्मापासून स्वतःच्या काळापर्यंतचे इतिवृत्त. त्याचे अडखळते बोल समजून घेणारे शिष्यही होते. वादात तो हार जात नसे, आणि स्वभावाने आनंदी होता, असे त्याचा शिष्य बेर्टोल्ड लिहितो. हा बेर्टोल्ड मोठा चोख चरित्रकार. पण रोज खुर्चीत बसविणाऱ्या त्या सेवकाचे नाव काही त्याने दिलेले नाही.

१०५४ च्या सप्टेंबरात हर्मानच्या बरगडीत कळ उठली. दहा दिवस तो तळमळत होता. लिहायचे राहिले होते त्या पाट्या त्याने बेर्टोल्डच्या हवाली केल्या, आणि २४ तारखेला प्राण सोडला. इतिवृत्त पुढे बेर्टोल्डने चालू ठेवले.