बर्फ वितळल्यानंतरचे ओहाकुने

महाबळेश्वरचा ‘सीझन’ पावसाने संपतो, तसा न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ओहाकुने या गावाचा बर्फ वितळताच संपतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. रुआपेहू या २,७९७ मीटर उंचीच्या जागृत ज्वालामुखीच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या या गावाची कायम वस्ती सुमारे १,२००. वरच्या तुरोआ स्की-क्षेत्राकडे जाणारा १७ किलोमीटरांचा घाटरस्ता येथूनच सुरू होतो. पर्वताच्या वायव्य उतारावर फाकापापा हे दुसरे स्की-क्षेत्र आहे. (रोमन लिपीतील त्याच्या नावात आरंभी ‘डब्ल्यू-एच’ ही अक्षरे असली, तरी माओरी उच्चार ‘फ’च्या जवळ जातो, आपल्याकडील पाहुणे हमखास ‘वाकापापा’ म्हणतात.) जून ते ऑक्टोबर हा हिमक्रीडेचा काळ, आणि गावातील भाड्याची घरे, खानावळी व स्कीचे साहित्य देणारी दुकाने मुख्यत्वे त्याच कमाईवर उभी.

हे गणित किती नाजूक आहे, ते टाळेबंदीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या, तरी जूनमध्ये अंतर्गत निर्बंध उठल्याने त्या वर्षीचा हिवाळा काही प्रमाणात हाती लागला. खरा घाव बसला तो १७ ऑगस्ट २०२१ रोजी. भर हंगामात देश पुन्हा चौथ्या स्तरावर गेला. सप्टेंबरमध्ये इतर भाग मोकळे झाले, पण ऑकलंड बंदच राहिले. गाडीने चार-साडेचार तासांवर असलेले हे महानगर म्हणजे रुआपेहूची सर्वांत मोठी बाजारपेठ. फ्लॅट बुशसारख्या उपनगरांतील आम्हा मराठी कुटुंबांची त्या वर्षीची दिवाळीही शहराच्या वेशीआतच झाली. वेस उघडली ती १५ डिसेंबरला, तीही लसीचे प्रमाणपत्र किंवा ७२ तासांतील चाचणीचा अहवाल दाखवण्याच्या अटीवर. तोवर बर्फ केव्हाच सरले होते आणि उन्हाळा सुरू झाला होता.

पुढच्या वर्षी बर्फानेच दगा दिला. २०२२ च्या हिवाळ्यात हिमवर्षाव तुटपुंजा झाला आणि दोन्ही क्षेत्रे चालवणारी ‘रुआपेहू अल्पाइन लिफ्ट्स’ ही कंपनी ऑक्टोबरमध्ये प्रशासकांच्या हाती गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये फाकापापा गावातील १९२९ सालचे शातो टोंगारिरो हॉटेल बंद झाले. २०२४ मध्ये तुरोआला नवा चालक मिळाला खरा, पण त्याच वर्षी परिसरातील कारिओईची कागदलगदा गिरणी आणि तांगीवाईची लाकूडगिरणी बंद पडली. वर्षभर पगार देणारी नोकरी हातची गेलेल्या अशा भागात उन्हाळी पर्यटन ही हौस उरत नाही. शाळेच्या पटापासून दवाखान्यापर्यंत सारे त्यावर टेकू लागते.

सुदैवाने उन्हाळ्याकडे देण्यासारखे बरेच आहे. होरोपितो ते ओहाकुने हा सुमारे १५ किलोमीटरांचा ‘ओल्ड कोच रोड’ मला त्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. ऑकलंड–वेलिंग्टन लोहमार्ग १९०८ मध्ये जोडला जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या रुळांमधील अंतर प्रवासी घोडागाडीने कापत, त्यासाठी हा दगडी फरसबंदीचा रस्ता बांधला गेला. लोहमार्ग पूर्ण झाला आणि रस्ता रानात गडप झाला. स्थानिकांनी तो पुन्हा साफ केला आणि आज तो सायकलमार्ग आहे. वाटेत लागणारा हापुआफेनुआचा जुना पोलादी पूल ४५ मीटर उंच आहे. १९८७ मध्ये शेजारी नवा पूल झाल्यापासून त्यावरून गाडी जात नाही, माणसे जातात.

याच परिसरातील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाचा पाया १८८७ मध्ये न्गाती तूफारेतोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तूकिनो चौथे यांनी शिखरे राष्ट्राच्या स्वाधीन करून घातला. युनेस्कोने १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये सांस्कृतिक महत्त्वासाठी त्याला वारसा मानले. १९.४ किलोमीटरांची ‘टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग’ ही पायवाट येथलीच. शिखरे पवित्र मानली जात असल्याने त्यांवर चढू नये आणि पाचूरंगी तळ्यांच्या पाण्याला स्पर्श करू नये, अशी विनंती केली जाते. पंढरीची वाट चालणाऱ्यांच्या वंशजांना ती समजावून सांगावी लागू नये.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात माळ जांभळा होतो आणि कासच्या पठाराची आठवण येते. मात्र तो हेदर आहे: शतकापूर्वी शिकारीचे पक्षी वाढावेत म्हणून उद्यानाच्या रक्षकाने मुद्दाम लावलेला आणि आता स्थानिक वनस्पतींच्या मुळावर उठलेला. आपल्याकडच्या रानमोडीचा हा देखणा भाऊबंद.

मुलांसाठी गावाच्या वेशीवर १९८४ पासून उभे असलेले भलेमोठे गाजर आहेच. ओहाकुने गाजरांसाठी प्रसिद्ध आहे.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरपर्यंत उंच वाटांवर बर्फ असू शकते आणि जानेवारीतही थंड वारा अचानक सुटतो, म्हणून लोकरी टोपी व जलरोधक अंगरखा सोबत हवाच. क्रॉसिंगच्या मांगातेपोपो टोकाला उन्हाळ्यात मोटार चार तासांहून अधिक ठेवता येत नाही आणि चाल सात-आठ तासांची आहे. तेव्हा शटल आधीच ठरवावी. जमल्यास मुक्काम गावातच करावा आणि शिधाही ऑकलंडहून न भरता तेथल्याच दुकानातून घ्यावा.