मुलाला सेमिनरीत नेणारा बाप

कॅथलिक मंडळींमध्ये काही ठिकाणी एक चांगली पद्धत आहे. मिस्साच्या वेळी वेदीपाशी फादरांना मदत करणारी शाळकरी मुलं असतात ना, त्यांना एखाद्या दिवशी सेमिनरी दाखवायला नेतात. सेमिनरी म्हणजे फादर घडवणारी शाळा. कधी कधी या मुलांबरोबर त्यांचे वडीलही जातात. वर्ग बघायचे, झोपायच्या खोल्या बघायच्या, तिथल्या मुलांबरोबर जेवायचं, फुटबॉल खेळायचा आणि संध्याकाळी घरी.

वडिलांना बरोबर नेण्यात मला मोठं शहाणपण दिसतं. कॅथलिक फादर लग्न करत नाही. म्हणजे ज्याला उद्या सगळा गाव 'फादर' म्हणणार, तो घरात कुणाचाच बाप होणार नाही. एकुलता एक मुलगा असेल तर घराणं तिथेच थांबलं. ही किंमत मुलाला त्या वयात कळत नाही, बापाला कळते. मी जन्मभर शाळेत शिकवलं. जूनमध्ये ट्रंक खांद्यावर घेऊन मुलाला वसतिगृहात सोडायला आलेले बाप खूप पाहिले. ते मुलाशी फारसं बोलत नाहीत. मास्तरांना मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारतात, "जेवणाचं काय हो?"

पण बापाच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. तो सहसा बोलून दाखवत नाही. माझ्या मुलाला इथे घेतील, पण पुढे बरोबरीचा मान देतील का? या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. आमच्या कोल्हापूर भागात कॅथलिक वस्ती थोडी, म्हणून त्यासाठी घाट उतरून गोव्यात जावं लागेल.

दक्षिण गोव्यात साष्टी तालुक्यात जुवारी नदीच्या काठी रायतूर नावाचं गाव आहे. हल्ली त्याला राशोल म्हणतात. तिथे जुन्या किल्ल्याच्या जागी जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक भव्य विद्यालय उभारलं. आम्ही बी.ए.ला मराठी घेतलेल्यांनी या गावाचं नाव परीक्षेपुरतं तरी वाचलेलं असतं, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली तिथेच छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! भाषा मराठी, पण देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून अक्षरं रोमन. लिहिणारा इंग्रज, राज्य पोर्तुगीजांचं आणि ओवी आपल्या ज्ञानोबांची. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकलल्यावर हे विद्यालय धर्मप्रांताकडे गेलं. गोव्याचे फादर आजही तिथेच तयार होतात.

तर गोव्यातली मुलं शिकत होती, लॅटिन बोलत होती, पाद्री होत होती. पण जेझुइटांसारख्या मोठ्या संघांत स्थानिकांना जवळजवळ प्रवेशच नव्हता. बिशपपद तर दूरच. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रु यांना गोव्यात पाद्री होऊ देईनात, तेव्हा ते थेट रोमला गेले. तिथे त्यांना दीक्षा मिळाली आणि 1637 मध्ये ते बिशपही झाले. गोव्याने बंद केलेलं दार रोमने उघडलं. ही वाट गोव्यातल्या बापांनी मनात ठेवली असणार.

आता ज्या बापलेकांसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

कोलवाळचे काएतानो व्हितोरिनो फारिया हे स्वतः सेमिनरीत शिकलेले. सुरुवातीची लघुदीक्षा त्यांनी घेतली होती. मग शिक्षण सोडून त्यांनी रोझा मारिया यांच्याशी लग्न केलं. 1756 च्या मे महिन्यात कांदोळीला मुलगा झाला, जुझे कुस्तोदियो. पुढे नवराबायकोचं पटेना. चर्चच्या संमतीने दोघं वेगळे झाले. रोझाबाई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाल्या आणि पुढे मठाच्या प्रमुखही. काएतानो पुन्हा सेमिनरीत गेले आणि पाद्री झाले. म्हणजे बाप खरोखरच 'फादर' झाला!

1771 च्या फेब्रुवारीत या बापाने 14 वर्षांच्या मुलाला घेऊन लिस्बनचं जहाज पकडलं. नऊ महिन्यांचा प्रवास. हातात काही शिफारसपत्रं. लिस्बनला राजाची मर्जी संपादन करून दोघं रोमला गेले. बापाने ईशज्ञानात डॉक्टरेट मिळवली. मुलगा तिथे शिकून 1780 मध्ये पाद्री झाला, आणि डॉक्टरही. आईच्या वाट्याला काय आलं? मठाच्या भिंती. त्या काळी तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

गोव्यात एक गोष्ट सांगतात. लिस्बनच्या राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिल्यावर मुलाची वाचा बसली. तेव्हा बाप खालून कोंकणीत हळूच म्हणाला, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि मुलगा घडाघडा बोलू लागला. खरीखोटी देव जाणे, पण बाप कसा असावा हे तिच्यातून कळतं. वर्गातल्या कितीतरी मुलांना एवढ्याच एका वाक्याची गरज असते.

याच सुमारास गोव्यातले दोन विद्वान पाद्री बढती मागायला लिस्बनला गेले होते. ते रिकाम्या हाताने परतले. त्या अपमानातून 1787 मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 'पिंटोंचा उठाव' म्हणून ओळखला जाणारा कट शिजला. फारिया बापलेकांचाही त्याच्याशी संबंध होता. कट फुटला. 47 जण पकडले गेले, 1788 मध्ये 15 जणांना मृत्युदंड झाला आणि पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात वर्षानुवर्षं डांबलं. जुझे कुस्तोदियो पॅरिसला गेले. माणूस संमोहनाच्या निद्रेत जातो तो कुणाच्या शरीरातल्या चुंबकशक्तीने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्याच मनावर झालेल्या सूचनेने, हे त्यांनी तिथे मांडलं. 1819 मध्ये ते वारले. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखतं.

कोल्हापूरकरांना हे वाचताना काही आठवलं का? आमच्याकडे 1899 मध्ये पंचगंगेच्या घाटावर वेदोक्त प्रकरण पेटलं, तेही याच प्रश्नावरून. मंत्र कोणी म्हणायचे, कोणासाठी कोणते म्हणायचे? शाहू महाराजांनी अखेर 1920 मध्ये मराठा पुरोहित तयार करणारं वैदिक विद्यालय काढलं आणि क्षात्रजगद्गुरूंचं पीठ पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात स्थापन केलं. आमच्या कळंब्यावरून जाणारा गारगोटीचा रस्ताच पुढे पाटगावला पोचतो. धर्म वेगळे, राज्यं वेगळी, पण दार तेच. शिकू दिलं म्हणजे आत घेतलं असं होत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना अनुभवाने कळलं.

म्हणून वडिलांनी मुलाबरोबर जरूर जावं. फक्त चर्च आणि फुटबॉलचं मैदान पाहून येऊ नये. इथून निघालेली गरिबाघरची मुलं पुढे कुठे पोचली, हे विचारावं. मुलाचं मन बदललं तर सन्मानाने परत येता येईल का, हेही विचारावं. काएतानो एकदा बाहेर पडले होते आणि पुन्हा आत गेले, हे विसरू नये. आणि घरी आल्यावर मुलाच्या आईशी बोलावं.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये घडवलेला. संमोहित स्त्रीवर हात पसरून उभे असलेले फारिया. गोव्याला गेलात तर दोन मिनिटं थांबा. त्यांना हात धरून जहाजावर चढवणाऱ्या बापाचा पुतळा तिथे नाही. बापांचे सहसा नसतातच. असो.