फिटची गोळी आणि हाडांची ठेव

गेल्या महिन्यात आमच्या हिरकणीवाडीच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि बोलणं गोळ्यांवर गेलं. गटातल्या एका वहिनींना बारा वर्षं फिटची गोळी चालू आहे. फिट थांबली, पण आता कंबर, मांड्या दुखतात. गड चढायचं सोडाच, चुलीपुढून उठताना हात टेकावा लागतो. "गोळीनं हाडं खाल्ली, बंदच करते," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, थांबा जरा, आधी ही गोळी आली कुठून ते बघू.

आपल्या वाड्यांत फेफरं आलं की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची. युरोपात 1857 पासून ब्रोमाइड देऊ लागले. 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरला दिसलं, की झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटोननं फिट कमी होतात. 1938 साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखवला. दोन्ही स्वस्त, म्हणून खेड्यापाड्यांत पोचल्या.

हाडांचं मात्र 1967-68 च्या सुमारास जर्मन डॉक्टरांनी लिहिलं. पहिल्या गोळीनंतर पंचावन्न वर्षांनी! तोवर कुणाची हाडं दुखली नसतील का? दुखली असणार. पण बाईची कंबरदुखी कोण लिहून घेतो? त्यात आपल्याकडे 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच फेफरं लग्नाच्या आड येत होतं. मुली गोळी लपवूनच घ्यायच्या. लपवलेल्या गोळीचा त्रास सांगणार कुणाला?

आता घडतं काय? या गोळ्या यकृताला जादा कामाला लावतात, त्यात ड जीवनसत्त्व लवकर मोडतं. ते कमी पडलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम घटलं की त्या हाडांतून काढून आणतात. म्हणजे रोजच्या खर्चासाठी ठेव मोडायची, तीही वर्षानुवर्षं. आपल्या नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम आहे, पण ड नसेल तर तीही पुरी कामी येत नाही. आणि पावसाचे चार महिने आपल्याकडे ऊन कुठलं!

उलटंही होतं. कधी गळ्याच्या ऑपरेशननंतर या ग्रंथी मंदावतात, कॅल्शियम घटून हातपाय वळतात, फिटही येते. मग तिला मिरगी समजून गोळी सुरू होते. म्हणून रक्त तपासायचं.

वहिनींना घेऊन आम्ही महाडला गेलो. डॉक्टरांनी पहिलं हेच बजावलं, की गोळी एकदम तोडली तर फिटवर फिट येऊन जीवही जाऊ शकतो. कॅल्शियम, ड आणि पॅराथायरॉइडची तपासणी झाली. ड फारच कमी निघालं. त्याचं औषध सुरू झालंय, फिटची गोळीही चालू आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. त्या दिवशी गटातल्या दोघी सोबत जाणार आहेत.