माईकची पाठ पेटीकडे

पेटी वाजवत गाणाऱ्याच्या तोंडात आणि पेटीत अंतर जेमतेम हातभर. डोंबिवलीच्या घरात अभंग रेकॉर्ड करायला बसलो की गळ्याआधी भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट ऐकू येते. भाचा म्हणतो, "मामा, आधी पेटी भरून घ्या, मग हेडफोन लावून गा." तसंही केलं. आवाज स्वच्छ येतो, पण एखादी जागा लांबवावीशी वाटली तर आधी भरलेली पेटी काही माझ्यासाठी थांबत नाही.

गळा आणि वाद्य वेगळं काढायचा हट्ट तसा अलीकडचाच. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं भरून घेतलं ते हॉटेलातल्या खोलीत, आणि तेही माईकशिवाय. समोर नुसता कर्णा. आवाजाच्या जोरावर पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. विजेचा संबंध नाही. कर्णा एकच, त्यामुळे कोण किती ऐकू येणार हे कोण कुठे बसलंय यावर ठरायचं. गाणाऱ्याचं तोंड कर्ण्यापाशी, साथीदार मागे. वरचा स्वर जोरात लागणार असेल तर गाणाऱ्यानेच मागे सरायचं. हे सगळं तीनेक मिनिटांत बसवून शेवटी बाईंनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला लेबल लावताना कळायला नको, कोण गातंय ते? व्हायोलिनचा नाजूक आवाज तर या कर्ण्यात पोचेचना. स्ट्रो नावाच्या गृहस्थाने शेवटी व्हायोलिनचं लाकडी पोट काढून तिथे कर्णाच बसवला.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि ओरडून गायची गरज संपली. पुढच्या दशकातला रिबन माईक मला सगळ्यात आवडतो. त्याला पुढून आणि मागून ऐकू येतं, दोन्ही कुशींनी तो जवळजवळ बहिरा. ती बहिरी कूस वाद्याकडे केली की अर्धं काम झालं. माझा माईक साधा, त्याला फक्त समोरचं नीट ऐकू येतं, म्हणून मी तो पेटी आणि हनुवटी यांच्या मधे, तोंड वर करून लावतो. त्याची पाठ पेटीकडे. कुकरच्या शिट्ट्या मात्र तो कुठूनही पकडतो.

आधी एक भरून त्यावर दुसरं, असं थरावर थर चढवायचं वेड खरं लावलं गिटारवादक लेस पॉलने. १९५१ साली गाजलेलं त्याचं आणि गायिका मेरी फोर्डचं गाणं न्यूयॉर्कमध्ये, त्यांच्या क्वीन्समधल्या घरीच झालं: एकाच बाईचे अनेक आवाज, एकाच माणसाच्या अनेक गिटारी.

१९७९ मध्ये टास्कॅम कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक देणारं यंत्र काढलं आणि हा खेळ कुणाच्याही खोलीत आला. जानेवारी १९८२ मध्ये गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात तेच यंत्र आणि दोन साधे माईक घेतले. चार ट्रॅक हाताशी असूनही गिटार आणि गळा त्याने एकाच दमात, एकत्र भरले. उरलेल्या दोन ट्रॅकवर किरकोळ भर. ही कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडत असे. मग बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण मनाजोगती होईनात. खिशातल्या त्या कॅसेटवरून तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, तरी सप्टेंबरात 'नेब्रास्का' हा अल्बम बाजारात आला तो तिच्यावरूनच.