देवमाशांचे वर्गीकरण व जातिविकास

देवमासे व डॉल्फिन हे पूर्णपणे जलचर असलेले सस्तन प्राणी. त्यांचा समावेश सीटॅसिया या गटात होतो. शरीर माशासारखे असले, तरी ते फुप्फुसांनी श्वसन करतात, पिलांना जन्म देतात व त्यांना दूध पाजतात. कार्ल लिनीअस यांनी ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत (१७५८) त्यांना माशांतून वगळून सस्तन वर्गात ठेवले.

पूर्वजांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड हे लुप्त मांसाहारी प्राणी त्यांचे पूर्वज मानले जात. १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासातून पाणघोडा हा देवमाशांचा सर्वांत जवळचा हयात नातलग असल्याचे दिसले. २००१ मध्ये पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचे दुहेरी कप्पीसारखे हाड आढळले. हे पाणघोड्यासारख्या समखुरी प्राण्यांचे खास लक्षण होय. जम्मू-काश्मीरमधील सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या इंडोहायस या लहान समखुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशाप्रमाणेच जाड असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

केवळ बाह्य साम्य नात्याचा पुरावा ठरत नाही, कारण समान परिस्थितीत दूरच्या गटांतही सारखी रचना विकसित होते. म्हणून जीववैज्ञानिक समान पूर्वजाकडून आलेली नवी लक्षणे, जीवाश्म व जनुके यांची सांगड घालून वंशवृक्ष रचतात. देवमासे व समखुरी प्राणी यांचा आता सीटार्टिओडॅक्टिला हा एकच गण मानतात.