रत्नागिरीची वेलांटी

‘रत्नागिरी’ हे चार अक्षरांचे नाव देवनागरी उमटवू पाहणाऱ्या कोणत्याही यंत्राची परीक्षा घ्यायला पुरेसे आहे. त्यात ‘त्ना’ हे जोडाक्षर आहे आणि ‘गि’ला पहिली वेलांटी आहे. ही वेलांटी उच्चारात ‘ग’नंतर येते, पण कागदावर ती ‘ग’च्या आधी काढावी लागते. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. साठवलेल्या क्रमातून दिसण्याचा क्रम घडवण्याचे काम मजकूर पडद्यावर उमटवणाऱ्या आज्ञावलीकडे येते. ते कोणी केलेच नाही तर ‘त’चा पाय मोडलेला राहतो, वेलांटी ‘ग’ला सोडून पुढे सरकते आणि शेवटच्या ‘र’ला डावीकडून ऱ्हस्व व उजवीकडून दीर्घ अशा दोन्ही वेलांट्या चिकटतात. २००४ साली फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा मोझिलाच्या संकेतस्थळावरून ती लिनक्सवर उतरवून घेणाऱ्याला हे नाव असेच दिसत असे.

गंमत अशी, की ग्नोमच्या पडद्यावर त्याच खिडकीच्या माथ्यावरील पट्टीत मात्र पानाचे शीर्षक शुद्ध उमटत असे. एकाच संगणकावर, एकाच क्षणी, दोन बोटांच्या अंतरावर ‘रत्नागिरी’ बरोबरही होती आणि चुकलेलीही. टंक तोच, युनिकोड तेच. मग उणे काय होते?

उत्तरासाठी लिनक्सवर आज्ञावल्या कशा घडतात हे थोडे पाहावे लागते. मुक्त स्रोत आज्ञावली मुळात मनुष्याला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात मिळते. ती यंत्राच्या भाषेत आणण्याला कंपाइल करणे म्हणतात. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे ओळखून तेवढेच काम पुन्हा करणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिले. पुढे युनिक्सचे इतके पंथ झाले, की एकावर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडू लागली. तेव्हा १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केले. त्यातून ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ ही त्रिपदी रूढ झाली. यातले पहिले पद म्हणजे चौकशी. अमुक लायब्ररी आहे का, तिची आवृत्ती पुरेशी नवी आहे का, असे शंभर प्रश्न यंत्राला विचारले जातात आणि प्रत्येकापुढे ‘येस’ किंवा ‘नो’ उमटते.

नाही म्हणण्याचे इथे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद ज्याला कळला त्याचे निम्मे काम झाले. पहिला प्रकार बोलका. एखादी अत्यावश्यक लायब्ररी सापडली नाही, की कॉन्फिगर तिथेच थांबते आणि तिचे नाव सांगते. नवख्याला सर्वांत चकवणारी गोष्ट ही, की लायब्ररी संगणकावर असते आणि तरीही ‘नाही’ असे उत्तर येते. कारण चालत्या आज्ञावलीला लागणारा लायब्ररीचा भाग वेगळा आणि नवी आज्ञावली घडवताना लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. रेड हॅटच्या घराण्यात त्या ‘डेव्हल’ शेपटीच्या पॅकेजात असतात, डेबियनच्या घराण्यात ‘डेव्ह’ शेपटीच्या. चूक ‘मेक’च्या टप्प्यावर आली तर पडद्यावरची शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो, पहिली चूक शोधावी लागते, कारण पुढच्या पन्नास ओळी बहुधा तिचीच पिलावळ असतात. कॉन्फिगर अडले तर ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलीत त्याने काय करून पाहिले आणि ते कुठे फसले याची सविस्तर नोंद असते. एवढी प्रामाणिक रोजनिशी फारशी कोणी ठेवत नसेल, आणि इतकी कमी वाचली जाणारीही दुसरी नसेल.

दुसरा प्रकार मुका. काही लायब्रऱ्या ऐच्छिक असतात. त्या नसल्या, किंवा त्यांचा वापर मुळात बंदच ठेवला असला, तरी आज्ञावली विनातक्रार तयार होते आणि चालतेही. तिच्या अंगचे एखादे सामर्थ्य तेवढे नाहीसे झालेले असते. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जोडाक्षरे जुळवणे, वेलांटी फिरवणे हे काम लिनक्सवर पँगो ही लायब्ररी करत असे. २००२ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती जीटीके २ बरोबर आली. खिडकीच्या माथ्यावरची पट्टी रंगवणारी आज्ञावली पँगो वापरी. फायरफॉक्सची बटणे जीटीकेच्या आधाराने उमटत, म्हणजे पँगो संगणकाच्या स्मृतीत हजरही असे. मात्र पानावरचा मजकूर तिच्या हाती देण्याची तरतूद मोझिलाच्या अधिकृत बांधणीत बंद होती. ती हवी तर पँगोच्या हेडर फाइली जवळ ठेवून, ‘इनेबल पँगो’ असा पर्याय देऊन सारा फायरफॉक्स स्वतः कंपाइल करावा लागे. फेडोरा आणि उबुंटू यांनी आपापल्या बांधणीत तो पर्याय घेतला, आणि लगेच दुसरी तक्रार उठली : पँगोमुळे पाने सावकाश उमटतात. इंग्रजी वाचकांना सर्रास सल्ला मिळू लागला, की ‘मोझ डिसेबल पँगो’ हे चल एकवर ठेवा आणि वेग वाढवा. सल्ला त्यांच्यापुरता योग्यच होता. रोमन लिपीला न लागणाऱ्या कामाचा भार त्यांनी का वाहावा? पण आपली वेलांटी कोणाच्या तरी ऐच्छिक पर्यायांच्या यादीत बसलेली आहे, हे मराठी वाचकाला या निमित्ताने प्रथमच दिसले.

लिपी आणि यंत्र यांच्यातले हे भांडण रत्नागिरीला नवे नव्हते. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात तिथे स्थानबद्ध होते. त्या वर्षांत त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. प्रश्न शिशाच्या खिळ्यांचा होता. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांवर भागे. देवनागरीला स्वर, व्यंजने, काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांचे शेकडो घर लागे. टंकलेखनयंत्रावर तर तेवढ्या कळा मावणेच अशक्य. केसरीच्या छपाईसाठी खिळे कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनी आधीच केला होता. त्यांचाही जन्म रत्नागिरीचाच, हा योगायोग. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र चिन्हे सोडून ‘अ’लाच वेलांट्या, उकार व मात्रा लावण्याची ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली आणि जोडाक्षरे एकाखाली एक रचण्याऐवजी एकापुढे एक लिहावीत असे सांगितले. किर्लोस्कर मासिकांनी ही बाराखडी कित्येक वर्षे छापली. वर्ध्याच्या बाजूने काका कालेलकरही अशाच सुधारणा सुचवत होते.

या साऱ्याचा कळस १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौच्या लिपिसुधार परिषदेत झाला. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढण्याऐवजी, थोड्या आखूड दांड्याची करून, उजवीकडेच काढावी असे तिथे ठरले. लोकांनी ते स्वीकारले नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पँगोविना बांधलेला फायरफॉक्स पन्नास वर्षांनी वेलांटी ‘ग’च्या उजवीकडे काढत होता, तो नकळत लखनौचा ठरावच अमलात आणत होता म्हणायचा.

या सुधारकांना आज हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांच्यापुढचे यंत्र परदेशी होते आणि बंद होते. ते उघडून त्यात आपल्या वेलांटीची सोय करावी, हा पर्याय छापखान्याच्या मालकाजवळ नव्हता. बदलता येण्याजोगी एकच वस्तू त्यांच्या हाती होती आणि ती म्हणजे लिपी. म्हणून त्यांनी कात्री तिथे चालवली.

संगणक आल्यावरही लगेच फार फरक पडला नाही. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाणही ठरले. प्रत्यक्षात डीटीपीच्या दुकानांतून चालले ते वेगळेच. तिथे प्रत्येक टंकाचा संकेत निराळा होता. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि फाइलीत साठवलेला असे तो रोमन कचरा. ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तो टंक तिथे नसला, की लग्नपत्रिकेच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग उभी राही. हेही अवलंबित्वच होते, पण कुठेही न नोंदलेले. कोणता टंक हवा हे मजकूर उघडून कळत नसे. दुकानदाराला विचारावे लागे. त्या मानाने ‘अमुक लायब्ररी सापडली नाही’ असे स्पष्ट सांगून थांबणारे कॉन्फिगर फारच सभ्य.

सभ्य असले तरी ते त्रासदायक नव्हते असे नाही. पँगोला ग्लिब हवी, फाँटकॉन्फिग हवे, फ्रीटाइप हवे. यांपैकी एकाची नवी आवृत्ती घेतली की तिला आणखी काही हवे. आरपीएम पॅकेजे एकेक हाताने उतरवून बसवणाऱ्यांनी या साखळीला ‘डिपेंडन्सीचा नरक’ असे नाव दिले होते. डेबियनमध्ये १९९८ च्या सुमारास ॲप्ट आले आणि सारी साखळी स्वतःच शोधून आणू लागले, पण त्यासाठी जालाची चांगली जोडणी हवी. दूरध्वनीच्या तारेवरून छप्पन किलोबिट वेगाने दहा मेगाबाइटची फाइल आणायला सर्व काही सुरळीत चालले तरी चोवीस मिनिटे लागतात, आणि सुरळीत क्वचितच चाले. लहान शहरांतल्या हौशी मंडळींचा आधार मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांचा होता. २००३ च्या फेब्रुवारीत निघालेले ‘लिनक्स फॉर यू’ त्यांतलेच. उबुंटूच्या तबकड्या तर २०११ पर्यंत टपालाने फुकट घरी येत. तबकडीवर नसलेली एखादी ‘डेव्हल’ फाइल मिळवण्यासाठी पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट पाहणे, हे आज खरे वाटू नये.

आता साखळीची दुसरी टोके. पँगो आली तरी टंक मुक्त हवा. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली दिले; ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते. टंक आला, तरी मराठीचे म्हणून काही प्रश्न उरले, कारण बरेचसे काम हिंदी डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. हिंदीला रफार पुरतो. मराठीला त्याशिवाय तो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ लागतो. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. आचार्यास दक्षिणा द्यायची की आचाऱ्यास, हे त्या एका चिन्हावर ठरते. समोर दर्या आणि पाठीशी सह्याद्रीच्या दऱ्या असलेल्या कोकणाला तरी हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

यंत्राला मात्र तो समजावून सांगावा लागला, आणि एकदाच सांगून भागले नाही. ग्नोमच्या आज्ञावल्या पँगो वापरत, केडीईच्या आज्ञावल्या क्यूटीची स्वतःची जुळणी वापरत, ओपनऑफिस आयसीयू वापरी. अक्षरजुळणीची तीन यंत्रे आणि प्रत्येकाच्या चुका निराळ्या. एकात दुरुस्त झालेले जोडाक्षर दुसऱ्यात तसेच मोडके राही. हे काम एका ठिकाणी आणण्याचे श्रेय बेहदाद एस्फहबोद यांच्या हार्फबझला जाते. नाव फारसी आहे; ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. पँगो, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रऑफिस, अँड्रॉइड हे सारे पुढे तिच्यावर विसंबू लागले. त्यामुळे एक दुरुस्ती सर्वांना पोहोचू लागली, एक चूकही. आणि साखळीतला सर्वांत नाठाळ पेच इथेच पडला : हार्फबझला फ्रीटाइप हवे आणि फ्रीटाइपच्या एका सोयीला हार्फबझ हवी. सारे लिनक्स मुळापासून घडवणाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे वापरलेला तोडगा असा : आधी हार्फबझविना फ्रीटाइप बांधायचे, मग त्यावर हार्फबझ बांधायची, आणि मग फ्रीटाइप पुन्हा पहिल्यापासून बांधायचे.

‘ॲ’ या अक्षराची वाट याहून लांबची होती. ॲड., ॲल्युमिनियम असे शब्द मराठी किती तरी आधीपासून लिहीत आली, पण युनिकोडमध्ये या अक्षराला जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘अ’ टंकून त्यावर चंद्र द्यावा लागे. स्वरावर स्वरचिन्ह चढवणे नियमबाह्य समजणाऱ्या आज्ञावल्या मग त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ काढत. (‘अ’लाच चिन्ह लावून नवा स्वर करायचा, हे तर सावरकरांच्या बाराखडीचे तत्त्व. लिपीने ते एका अक्षरापुरते मुकाट्याने मान्य करून टाकले होते.) प्रमाणात जागा मिळाल्यावरही टंकात ते अक्षर यायला हवे, कळफलकाच्या आराखड्यात यायला हवे, आणि हे नवे टंक जुन्या संगणकांवर पोहोचायला हवेत.

पापणीच्या ‘र’चा प्रश्न दिसण्यापुरता सुटला, साठवण्यात मात्र त्याचे दोन फाटे राहिले. तो ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिता येतो, तसाच ‘ऱ’ आणि हलंत असाही. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. २००० नंतरच्या दशकातल्या मराठी लेखनात पहिला प्रकार विपुल आहे, अलीकडच्या लेखनात दुसरा. अक्षरशः तुलना करणाऱ्या साध्या शब्दशोधाला हे दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून त्या काळातल्या मजकुरात कोकणातल्या ‘दऱ्या’ शोधायच्या असतील तर तो शब्द दोनदा, दोन्ही रीतींनी टंकून पाहावा लागतो.