लहान मुलांना घेऊन मावळात कुठे चढायचं? सोपे डोंगर, योग्य वेळ आणि टाळायच्या जागा

शनिवार आला की फोनवर मावळाचे रील्स सुरू होतात. लोहगडाचा विंचूकाटा, विसापूरच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, ढगात बुडालेलं तुंगीचं टोक. घरात चार-पाच वर्षांचं मूल असलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. याला घेऊन यातलं काय जमेल?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार पर्यटकांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी कोणी अवघड कडा चढत नव्हतं. लोक सुट्टीच्या दिवशी पाणी बघायला गेले होते.

म्हणजे मुलांना डोंगरावर न्यायचंच नाही का? तसं नाही. मावळात लहान मुलांना झेपतील अशा छोट्या चढाया भरपूर आहेत. फक्त त्या निवडताना रील बघून चालत नाही. वेळ, सावली आणि परतीची वाट या तीन गोष्टी बघाव्या लागतात.

लहान मुलांचं गणित वेगळं का?

मोठा माणूस वीस मिनिटांत जो चढ चढतो, त्याला चार वर्षांच्या मुलाला सहज चाळीस मिनिटं लागतात. डोंगरातली पायरी मोठ्यांच्या पावलाच्या मापाची असते, मुलाच्या ती गुडघ्यापर्यंत येते. शिवाय मूल सरळ चालत नाही. ते दगड उचलतं, मुंग्या बघतं, मध्येच बसतं. हा वेळ आधीच धरून ठेवला तर चिडचिड होत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि त्यांना घाम कमी येतो. त्यामुळे त्यांचं शरीर लवकर तापतं. फेब्रुवारी संपला की मावळातले डोंगर पिवळे पडतात, गवत वाळतं आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो. जुलैत हिरवीगार दिसलेली वाट एप्रिलमध्ये पार उघडी असते.

तिसरी गोष्ट उतरण्याची. चढताना मूल उत्साहात असतं. उतरताना ते दमलेलं असतं, पाय थरथरतात आणि पडझड बहुतेक तेव्हाच होते. म्हणून 'वर पोचलो' इथे चढाई संपत नाही. मुलाची अर्धी ताकद परतीसाठी राखून ठेवायची.

डोंगराचं तोंड कुठे आहे ते बघा

मावळातल्या लेण्यांना जाताना एक साधी युक्ती उपयोगी पडते. कार्ले आणि भाजे लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे चढावर सावली मिळते. तिथे सकाळी, लेणी उघडायच्या वेळेलाच पायथ्याशी पोचा.

बेडसे लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन थेट अंगावर येतं आणि दुपारनंतर चढावर सावली पडते. थंडीत तिथे सकाळी जायला छान वाटतं. ऊन तापायला लागलं की दुपारी उशिरा चढायचं आणि अंधार पडायच्या बराच आधी खाली यायचं.

कोणत्या वयाला कोणती जागा?

वडगाव मावळ हे तालुक्याचं ठिकाण. पुणे-लोणावळा लोकल इथे थांबते आणि जुना मुंबई-पुणे महामार्गही इथूनच जातो. इथून पुढे दिलेली ठिकाणं सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने आहेत. वयं अंदाजे आहेत, तुमचं मूल किती चालतं ते तुम्हालाच माहीत.

भंडारा डोंगर (कोणत्याही वयाला): तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीच्या पुढे हा डोंगर आहे. संत तुकाराम महाराजांच्या चिंतनाची जागा म्हणून वारकऱ्यांचा इथे राबता असतो. गाडी थेट वर जाते. कडेवरचं बाळ किंवा सोबत आजी-आजोबा असतील तर सुरुवात इथून करावी. वर मोकळी जागा आहे, पण डोंगराच्या कडेला मुलाचा हात सोडू नका. माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्याला इथे मोठी गर्दी असते.

भाजे लेणी (साधारण तीन वर्षांपासून पुढे): वडगावहून लोकलने कान्हे, कामशेत आणि मग मळवली. मळवली स्टेशनच्या दक्षिणेला भाजे गाव आहे. गावातून बांधलेल्या पायऱ्या वर जातात आणि चढ छोटा आहे. इथे २२ लेणी आहेत, त्यातली सर्वात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मुलांना एक काम द्या. एकाच ठिकाणी दाटीने उभे असलेले १४ स्तूप मोजायला सांगा. मग वाद्य वाजवणारी बाई कुठे कोरली आहे ते शोधायला लावा.

कार्ले लेणी (साधारण चार वर्षांपासून पुढे): मळवलीच्या उत्तरेला, महामार्गापलीकडे. गाडी डोंगराच्या मध्यापर्यंत जाते, तिथून पायऱ्या. भारतातलं सर्वात मोठं कोरीव चैत्यगृह इथे आहे. छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, हे ऐकून मोठेही मान वर करून बघत राहतात. मुलांना मात्र ओसरीतले दगडी हत्ती जास्त आवडतात. दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी आणि आगरी समाजाची ती कुलदेवता. नवरात्रात, चैत्राच्या यात्रेत आणि रविवारी पायऱ्यांवर रेटारेटी होते, तेव्हा लहान मुलांना नेऊ नका.

बेडसे लेणी (साधारण पाच वर्षांपासून पुढे): कामशेतहून पवनानगरच्या दिशेला. पायऱ्या साधारण चारशे, पण गर्दी कार्ल्याच्या मानाने फारच कमी. उंच खांबांवर घोडे, हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं कोरली आहेत. कुठल्या खांबावर कोणता प्राणी, हा खेळ मुलांना अर्धा तास पुरतो. पायथ्याशी दुकानं मोजकीच, त्यामुळे पाणी आणि खाऊ घरूनच न्या.

लोहगड (सहा-सात वर्षांपासून पुढे): जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात लोहगड आहे. लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. दरवाजे मोजत मुलं आरामात वर जातात. लहानांसोबत महादरवाजापर्यंत जाऊन थोडं फिरून परत आलात तरी पुरे. विंचूकाट्याची चिंचोळी सोंड त्यांच्यासाठी नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दरवाजांत माणसांची कोंडी होते, तेव्हा गड टाळा.

पुरातत्त्व खात्याची तिकिटं असलेल्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो.

आत्ता नकोत अशा जागा

तुंग आणि तिकोना सुंदर आहेत, पण तुंगीची वाट अरुंद आणि तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या खड्या आहेत. विसापूरची पाण्यातून जाणारी वाट रीलमध्ये मजेशीर दिसते. प्रत्यक्षात ती शेवाळलेल्या दगडांची असते. राजमाचीची चाल लोणावळ्याहून खूप लांबची आहे. ही मंडळी मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबतील.

धबधब्यात उतरायचं का नाही?

सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वरच्या पठारावर पडलेला पाऊस सरळ ओढ्यात येतो. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसला, तरी वर मोठी सर झाली असेल तर काही मिनिटांत पाणी वाढतं. घोट्याएवढं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की मोठ्या माणसाचाही तोल जातो. मुलाची तर कंबरच बुडते.

पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान गोळा करत बसू नका. मुलाला उचला आणि जवळच्या काठाने वर चढा. ओढा ओलांडून पलीकडे जायचा प्रयत्न नको. खरं तर लहान मुलांसाठी नियम याहून सोपा आहे. धबधबा लांबून बघायचा, वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात काही ठिकाणी जिल्हा प्रशासन बंदीचे आदेशही काढतं, निघण्याआधी ते बघून घ्या.

पिशवीत काय हवं?

मुलाला तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी द्या. ओआरएसची पुडी जवळ ठेवा. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालतं. चमचा चहाचाच घ्या.

टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पाय झाकणारे, तळाला पकड असलेले बूट घाला. चप्पल किंवा क्रॉक्स ओल्या दगडावर घसरतात. खाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत हातात धरू नका. माकडं आधी पिशवीवर आणि मग मुलावर झेप घेतात. लेण्यांच्या छताला किंवा कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, दगड आणि उग्र अत्तर, सगळं टाळा.

बाळ पाठीवरच्या झोळीत असेल तर दर थोड्या वेळाने त्याच्या मानेला हात लावून बघा. तुम्ही चालून तापलेले असता, ते मात्र बसून असतं. त्याला गारवा आणि ऊन दोन्ही वेगळं जाणवतं. पायऱ्या उतरताना मुलाला खांद्यावर बसवू नका. तुमचा पाय घसरला तर ते थेट डोक्यावर पडतं.

परत फिरायचं कधी?

घरून निघतानाच वेळ ठरवा. उदाहरणार्थ, 'साडेदहा वाजले की जिथे असू तिथून मागे.' मूल गप्प झालं, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, ओठ कोरडे पडलेत किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं आहेत. सावलीत बसवा, घोटघोट पाणी पाजा आणि मग खाली या. अंग तापलेलं असून मूल बरळत असेल किंवा झोपाळू झालं असेल, तर तोंडातून काही पाजू नका. कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करा. डोंगराच्या घळीत रेंज जाते. म्हणून कुठे चाललोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी एकाला सांगून निघा.

शेवटचे पन्नास दगड राहिले आणि मूल 'नको' म्हणालं, तर तिथेच बसा, डबा उघडा, खालची भातखाचरं बघा आणि परत या.